उघडं ठेवायचं दार

थॉर्नगार्थच्या स्वयंपाकघरात मेव्हिसने साखर चाळायला घेतली तेव्हा बाहेर नुसती भुरभुर चालली होती. यॉर्कशरच्या डोंगरात डिसेंबरात बर्फ पडणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. तिचा नवरा नेड दारात वाकून बुटांचे बंद आवळत होता आणि कुत्री त्याच्या पायात लुडबुडत होती.

"मेंढ्या वरच्या दगडी गडग्यापाशी आहेत. वारा फिरायच्या आत खाली आणतो," तो म्हणाला. "चहाला हजर."

"आल्या आल्या या केकला बोट लावलंस ना, तर तेवढं बोट इथेच ठेवून घेईन."

"आईचा फोन आला तर सांग, सून कामाला लागलीय म्हणून."

"तुझ्या आईला ते पटायला केक पुरायचा नाही. चमत्कार लागेल."

नेड हसला, हिरवी टोपी कानांवर ओढली आणि गेला. दार लागलं. चूल छान धगधगत होती. मेव्हिसने लाल एप्रन बांधला आणि बाह्या वर सारल्या.

तिचं हे थॉर्नगार्थमधलं दुसरंच वर्ष. नेडने पन्नाशीला लग्न केलं, तेही हल बंदरातल्या केकच्या दुकानातल्या बाईशी, म्हणून खालच्या गावात बराच चघळून झाला होता विषय. मेव्हिस त्या दुकानात फरशी पुसायला लागली होती. तिला कुणी हाताला धरून शिकवलं नाही. पुसता पुसता बघितलं, घरी जाऊन आयसिंगऐवजी कुस्करलेल्या बटाट्यावर हात बसवला, आणि पुढे लग्नाचे केक तिच्याशिवाय दुकानाबाहेर पडेनात. तिच्या उजव्या तर्जनीवर भट्टीच्या सळईने दिलेला एक आडवा वण होता. शेवटचा हात ती बोटानेच फिरवायची, त्यामुळे ओल्या आयसिंगवर त्या वणाची बारीक रेघ उमटायची. दुकानातले लोक रेघ बघून सांगत, हा मेव्हिसचा. अशा बाईला गर्व असतो. असू दे. कमावलेला गर्व आहे, कुणाच्या बापाचा नाही.

तर थॉर्नगार्थचा हिवाळी केक. नेडच्या हार्कर घराण्यात नाताळला कुणी साधा केक करत नाही. केक म्हणजे हेच घर, बर्फात बुडालेलं: धुराडं, खिडक्या, पुढचा गडगा, मेंढ्या, सगळं. सासूने, टॅबिथाने, तो जन्मभर केला. आता तिची बोटं सांधेवाताने आल्याच्या कुड्यासारखी वाकडी झाली होती आणि ती खालच्या गावात लेकीकडे राहायला गेली होती. उद्या सगळे हार्कर तिथे जमणार, केक मधोमध ठेवणार, आणि यंदा तो पहिल्यांदा मेव्हिसच्या हातचा असणार. टॅबिथाने जाताना एक पत्र्याचा डबा तिच्या हातात ठेवला होता. "सामान यात आहे. बाकीचं तुला कळेलच. तू काय, शहरात शिकलेली."

म्हणजे सांगायचं ते सांगितलं नाही. काही सासवा असं करतात. सुनेला खड्डा दाखवत नाहीत आणि मग काठावर उभ्या राहून म्हणतात, बघून चालायचं नाही का?

सुक्या मेव्याचा काळाभोर केक मेव्हिसने महिन्याभरापूर्वीच भाजला होता आणि दर आठवड्याला त्याला चमचा चमचा ब्रँडी पाजली होती. आता तिने तो घरासारखा कापला. पुढची खोली चमच्याने कोरून पोकळ केली, कारण टॅबिथाच्या केकला ती तशी असायची. खिडक्यांना पिवळ्या साखरेच्या काचा बसवल्या. भिंतींवर जर्दाळूचा मुरंबा, त्यावर बदामाच्या लगद्याचा थर, छपराला बदामाच्या कापांची कौलं. आत साखरेची चूल आणि खुर्ची. मग माणसं. लाल एप्रनची एक बाई आणि हिरव्या टोपीचा एक पुरुष तिने साखरेचे घडवले.

डब्यात साचे होते, मेंढ्या होत्या, आणि तळाशी चिंधीत गुंडाळलेला एक लाकडी माणूस होता. बोटाएवढा. फार जुना. पाय वर्षानुवर्षांच्या साखरेने पिवळे पडलेले, अंगावर काळा कोट, आणि चेहरा झिजून झिजून नाहीसा झालेला. गेल्या वर्षी तिने त्याला केकवर बघितला होता. केकखालच्या पाटाच्या अगदी कोपऱ्यात, गडग्याच्या पलीकडे, घराकडे पाठ करून उभा. तेव्हाच तिला वाईट वाटलं होतं. सगळं घर उबेत, आणि हा म्हातारा तेवढा बाहेर?

"माझ्या केकवर कुणी बाहेर उभं राहायचं नाही," ती त्याला म्हणाली, आणि त्याला आत नेऊन साखरेच्या चुलीपाशी, साखरेच्या खुर्चीत टेकवलं. शेजारी लाल एप्रनची बाई उभी केली. हिरव्या टोपीचा नेड मात्र तिने गडग्यापाशी मेंढ्यांत ठेवला. तिथे तो शोभत होता, आणि खरा नेडही तिथेच होता की.

मग आयसिंग. अंड्याचा पांढरा बलक, लिंबाचा रस, चाळलेली साखर, आणि हात दुखेपर्यंत फेटणं. शेवटी ग्लिसरीनचे चार थेंब घालतात, म्हणजे आयसिंग दगडासारखं कडक होत नाही. बाटली उलटी केली तर रिकामी. एक दिवस कडक झालं तर कुणाचे दात पडत नाहीत, असं म्हणून तिने काम पुढे रेटलं. छपरावर बर्फ चढवला, खिडक्यांच्या कडांवर चढवला, धुराड्यावर एक गोंडस गोळा बसवला.

राहिलं दार. टॅबिथाच्या केकला ते उघडंच असायचं, नुसतं काळं भोक. मेव्हिसच्या मते ते अर्धवट काम होतं. केकला उघडी फट ठेवली की आतला ओलावा उडतो आणि कडा वाळतात, हे दुकानातलं शेंबडं पोरही सांगेल. तिने बदामाच्या लगद्याचं छोटंसं दार बसवलं, त्यावर आयसिंगचा थर दिला, आणि बोट फिरवून तो भिंतीशी एकसारखा केला. वणाची रेघ उमटली. झालं.

तेवढ्यात फोन वाजला.

"झाला का?" टॅबिथा. हॅलो म्हणायची पद्धत तिला नव्हती.

"झाला, आई. उद्या बघालच."

"नेड कुठाय?"

"वर, मेंढ्या आणायला गेलाय."

थोडा वेळ तारेत नुसती खरखर. "इथे खाली समोरचं घर दिसेना झालंय… दार उघडं ठेवलंयस ना?"

"कुठलं दार?"

"केकचं, बाई. माणूस बाहेर असताना दार मिटायचं नसतं. सगळे घरात आले की मग."

मेव्हिसने पाटाकडे बघितलं. पांढरी, गुळगुळीत, अखंड भिंत. नाही म्हणाली असती तर उद्या सगळ्या हार्करांसमोर ते ऐकावं लागलं असतं, आणि परवा, आणि मरेपर्यंत. "ठेवलंय," ती म्हणाली.

"आणि तो बाहेरचा? त्याला कुठे…"

खरखर वाढली. मग तीही थांबली. मेव्हिसने फोनचा खटका दोनदा आपटला. तार मेली होती.

तिने फोन ठेवला आणि मान वर केली. खोलीतला उजेड बदललेला होता. अंधार नव्हता तो. दुपारच होती अजून. पण पांढऱ्या चादरीखाली डोकं घातल्यावर येतो तसा दुधट, दबका उजेड होता. दोन्ही खिडक्या पार भरून गेल्या होत्या. वाऱ्याचा आवाज नव्हता. कशाचाच नव्हता. नेहमी खडखडणारी खिडकीची काचसुद्धा गप्प होती.

मेव्हिस दाराशी गेली. कडी निघाली, दार हललं नाही. खांदा लावला. भिंतीला खांदा लावावा तसं. दाराखालच्या फटीतून बर्फाची एक पातळ जीभ आत आली होती. ती लाथेने मोडायला गेली तर मोडेना. वाकून बघितलं, नखाने टोकरलं. ते थंड नव्हतं. नख नकळत तोंडात गेलं.

गोड. आणि मागून लिंबाची आंबट चव.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. माणसाचं मन अशा वेळी मोठं लबाड असतं. ते म्हणतं, हाताला लागलेली साखर असेल. मेव्हिसच्या मनानेही ते म्हणून बघितलं. मग तिने चुलीतली लोखंडी सळई घेतली आणि खिडकीची काच फोडली. काच पडली, मागचा पांढरा थर तसाच. सळईने घाव घातला तर दगडावर बसावा तसा ठण्णकन हाताला झिणझिण्या आणून परत आला.

तेवढ्यात तिला खोकला आला. चूल धूर मागे टाकत होती. धुराची एक काळी पट्टी छताशी साचून खाली उतरायला लागली होती. धुराडं बंद झालं होतं वरून.

तिची नजर पाटावर गेली. केकच्या धुराड्यावर तो गोंडस गोळा.

ती केकपाशी गेली, चमच्याची मूठ घेतली आणि गोळ्यावर एक टोला दिला. गोळा उडाला. वर, छपराच्या वर, काहीतरी प्रचंड, जड, घरंगळत गेलं आणि घर थरारलं. चुलीने एकदा घशात आवंढा गिळल्यासारखा आवाज केला आणि धूर वर ओढून घेतला.

मेव्हिसच्या हातातून चमचा पडला. त्याचा आवाज विरला, तेव्हा तिला दुसरा आवाज ऐकू आला. नेडची खुर्ची करकरली.

ती खुर्ची उंच पाठीची, चुलीकडे तोंड करून होती. मेव्हिस पाटापाशी उभी, म्हणजे तिला फक्त खुर्चीची पाठ दिसत होती. पाठीच्या एका बाजूने काळ्या बाहीचा कोपर बाहेर आला होता. खोलीत एक वास पसरत होता. ओल्या लाकडाचा, आणि खूप जुन्या, पिवळ्या पडलेल्या साखरेचा.

ती ओरडली नाही. ओरडायला कुणी ऐकणारं लागतं.

आणि मग भिंतीच्या पलीकडून, फार लांबून आल्यासारखं, खरडणं ऐकू आलं. कुत्रीची पुसट कुईकुई. आणि नेड.

"मेव्हिस… अगं, दार कुठाय?"

"नेड. इथे. इथेच आहे मी."

"मला दार सापडत नाही गं… चारी बाजूंनी हात लावून बघितला. नुसती भिंत आहे…" खरडणं मंदावलं. "हात चालत नाहीयेत आता. जरा बसतो."

"बसू नकोस. ऐकतोयस का? बसायचं नाही, नेड."

खरडणं थांबलं. या डोंगरात बर्फात जो टेकतो तो उन्हाळ्यापर्यंत तिथेच टेकलेला असतो, हे हलच्या बाईलाही ठाऊक होतं.

तिने लाटणं उचललं. केकच्या पुढच्या भिंतीवर, जिथे वणाची रेघ होती तिथे, एक घाव. दुसरा. ग्लिसरीन नसलेलं आयसिंग. ते काय ऐकतंय. तिसऱ्या घावाला तडा गेला, आणि बदामाचं दार आत कोसळलं. मागे खऱ्या दाराने कडाड आवाज केला. मेव्हिसने वळून बघितलं. दार बोटभर उघडलं होतं. फटीत नेडची बोटं होती, निळी, वाकलेली. पण दार पुढे सरकेना. आतून कुणी लावून धरावं तसं, आणि दारापाशी तर कुणीच नव्हतं.

"नको उघडूस," खुर्चीतून आवाज आला. हळू होता, किरकिरा, लाकूड लाकडावर घासावं तसा. "आत्ता कुठे ऊब लागायलीय…"

मेव्हिसने लाटणं घट्ट धरलं.

"घरात माणसं दोनच," आवाज म्हणाला. "तूच ठेवलीस… मोज हवं तर."

तेव्हा तिला सगळं कळलं, जे सासूला दोन वाक्यांत सांगता आलं असतं. दार उघडून भागणार नव्हतं. याला बाहेर काढल्याशिवाय नेडला आत जागा नव्हती.

ती केकवर वाकली आणि मोडलेल्या दारातून दोन बोटं आत घातली, तर्जनी आणि अंगठा. आत काळोख होता, दिसत काही नव्हतं. बोटांना एक बाहुली लागली. कडक. तिने चिमटीत धरली.

त्याच क्षणी तिच्या बरगड्या आवळल्या गेल्या. दोन्हीकडून, पाठीपोटाकडून, कुणी चिमटीत धरावं तशा. छातीतली हवा निघून गेली. पाय फरशीवरून उचलले जातायत असं वाटलं. तिने बोटं सोडली. बरगड्याही सुटल्या.

म्हणजे ही लाल एप्रनची बाई. ती स्वतःच.

तिच्या साखरेतही ग्लिसरीन नव्हतं. साखरेची बाई लाकडाइतकीच टणक झाली होती. चाचपून फरक कळणं शक्य नव्हतं. वर छताच्या तुळया हळूहळू कण्हत होत्या, आणि वरून ताज्या लिंबाचा, ताज्या साखरेचा वास खाली येत होता. काहीतरी मोठं, पांढरं, खोलीत उतरल्यासारखं तिला डोळ्यांच्या कोपऱ्यातून वाटलं. तिने वर बघितलं नाही. मी सांगते, तिथेच ती वाचली. बघणारी बाई बोटं मागे घेते.

बोटं पुढे सरकली. दुसरी बाहुली. ही गरम होती, चुलीशेजारी झोपलेल्या मांजरासारखी. तिने धरून ओढलं. पाय आयसिंगमध्ये रुतले होते. मागे खुर्चीचे पाय फरशीवर खरवडले.

"गडग्यापाशी फार गार असतं गं, पोरी…" आवाज म्हणाला. तो आता रडवेला होता, आणि भीतीपेक्षा हेच तिला सोसवेना.

"ठाऊक आहे," मेव्हिस म्हणाली. "माझा नवरा तिथे आहे."

आणि तिने हिसडा दिला. लाकडी माणूस बाहेर आला. तिने त्याला पाटाच्या कोपऱ्यात, गडग्याच्या पलीकडे, घराकडे पाठ करून दाबून बसवलं. मेंढ्यांतून हिरव्या टोपीचा नेड उचलला आणि दारातून आत, खुर्चीत ठेवला. आयुष्यभराचा सराव. कुठे धक्का लागला नाही.

दार आपोआप उघडलं. नेड उंबऱ्यात आडवा पडला, आणि कुत्री त्याच्यावरून उडी मारून आत आली. ती चुलीकडे धावली, खुर्चीच्या चार हात अलीकडे थबकली, आणि शेपूट पोटात घालून परत दारापाशी जाऊन बसली. खुर्ची रिकामी होती. मेव्हिसने गादीला हात लावला. कोमट होती.

त्या खुर्चीत तिने नेडला बसू दिलं नाही. जमिनीवर घोंगड्या घातल्या, त्याचे हात आपल्या काखेत धरले.

"दार नव्हतंच गं," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "आपल्या घराला दार नव्हतं."

"बर्फ होता. दिसलं नसेल."

"दिसायचं काय त्यात, माझा जन्म गेलाय या घरात." त्याने दाराकडे मान वळवली. "आणि गडग्यापाशी कुणीतरी उभं असतं असं वाटायचं मला लहानपणापासून. आज तिथे कुणी नव्हतं. मी एकटाच होतो."

मेव्हिसने त्याच्या तोंडाला चहाचा पेला लावला. दार तिने रात्रभर फटभर उघडं ठेवलं.

सकाळी आभाळ निळंशार होतं. ढगाचा पत्ता नाही, वारा नाही. फोनची तार कुणीतरी जोडली असावी. टॅबिथाचा आवाज आला, आणि पहिल्यांदाच तिने पहिला प्रश्न केकचा विचारला नाही.

"नेड?"

"आहे. आत आहे."

पलीकडून सुस्कारा. "आणि तो?"

"बाहेर. माझ्या हाताने काढला. तुम्ही आधी सांगितलं असतंत तर काही झिजला नसतात, आई."

"मलाही माझ्या सासूने सांगितलं नव्हतं," म्हातारी म्हणाली, आणि फोन ठेवला.

मोडक्या दाराचा केक पाटासकट घेऊन मेव्हिस बाहेर पडली. नेड ट्रॅक्टरपाशी होता. तो मागे, घराकडे बघत होता, आणि त्याचं तोंड उघडं होतं.

"मेव्हिस. हे कसलं?"

तिने वळून बघितलं. पुढची अख्खी भिंत पांढरी, टणक, चकाकत होती, दाराभोवती तेवढी फुटलेली. आणि दाराच्या वर, छपरापर्यंत, कुणीतरी तो थर सारखा केलेला होता. एका फटकाऱ्यात, डावीकडून उजवीकडे. तिथे बोटाचा ठसा होता. गाडीच्या वाटेएवढा रुंद. एकात एक गुंतलेल्या रेघा उन्हात स्पष्ट दिसत होत्या.

मेव्हिसला भीतीबरोबर एक विचित्र धीरही आला. माझंच बोट ते. मीच केलं, मीच निस्तरलं. तिने केक नेडच्या हातात दिला, गडग्यावर चढली आणि डोळ्यांवर हात धरून ती आडवी रेघ शोधायला लागली, आपल्या वणाची.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोधली. मग परत. ठसा गुळगुळीत होता, अखंड. त्यावर वण नव्हता. बोट तिचं नव्हतं.

"चल," नेड खालून हळूच म्हणाला. "दार ओढून घेऊ का?"

"नको. उघडंच राहू दे."

ती खाली उतरली. त्या निरभ्र आभाळातून, वर कुणी चाळणी हलवावी तसं, बारीक कोरडं पांढरं काहीतरी पडायला लागलं होतं. नेडच्या टोपीवर, केकवर, तिच्या गालांवर, ओठांवर.

मेव्हिसने ओठ घट्ट मिटून घेतले.